फळ्यावरची दहा अंकी संख्या

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहा असे शाळेचे पत्र आले, तेव्हा स्नेहसंमेलने किंवा सहली यांच्याआधी मला आठवली ती ४२९४९६७२९७ ही संख्या. आठवीत असताना गणिताच्या सरांनी एका शनिवारी ती फळ्यावर लिहिली आणि तिचा एक तरी भाजक सोमवारपर्यंत शोधून आणा, असे सांगितले. रामबागेतल्या आमच्या घराच्या ओसरीवर ताई आणि मी रविवारभर भागाकार करत बसलो. ३, ७, ११, १३ असे करत शंभरीपर्यंत पोचलो आणि वही मिटली.

सोमवारी सरांनी उलगडा केला. ही संख्या म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मालिकेतली पुढची. मालिकेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असे फ्रेंच गणिती फर्मा यांना वाटत होते, आणि पहिल्या पाच तशा आहेतही. ऑयलर यांनी १७३२ मध्ये सहावीचे अवयव पाडले. या संख्येचा कोणताही मूळ अवयव घेतला तरी त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. ही एक अट लावली की ६४१ पर्यंत तपासण्याजोग्या मूळ संख्या उरतात फक्त पाच : १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. आमचा अख्खा रविवार ज्यात गेला, ते काम पाच भागाकारांचे होते!

शेवटचा भागाकार करायला सरांनी मला फळ्यापाशी बोलावले. ६ चा भाग गेला, ७ चा गेला, बाकी २ उरली. त्यापुढे अंक दोनदा खाली उतरवूनही भाग जात नव्हता, आणि भागाकारात तिथे दोन शून्ये मांडायची मी विसरलो. उत्तर आले ६७४१७. सरांनी चूक दाखवली नाही. त्या उत्तराला ६४१ ने गुणायला सांगितले. गुणाकार चार कोटींच्या घरात आला, आणि फळ्यावरची संख्या तर चार अब्जांवर. शून्ये भरली, ६७००४१७ झाले, आणि शेवटी ४४८७ मधून ४४८७ गेले. हा भागाकारही मूळ संख्याच आहे, त्यामुळे अवयव तिथेच संपतात.

मग सरांनी दाखवले ते मला आजही सर्वांत सुंदर वाटते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६, अर्थात पाचाचा चौथा घात अधिक दोनाचा चौथा घात. एवढ्या दोन गोष्टी शेजारी मांडल्या की भागाकार न करताही ६४१ ने निःशेष भाग जातो हे सिद्ध होते.

पुढे संगणकाच्या कामात बत्तीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या भेटली : ४२९४९६७२९५. मालिकेतल्या पहिल्या पाच संख्यांचा गुणाकार नेमका इतकाच येतो. केवळ कंपास आणि पट्टीने काढता येतील अशा, बाजूंची संख्या विषम असलेल्या ज्या सुसम बहुभुजाकृती आजवर माहीत आहेत, त्यांत सर्वाधिक बाजूंची आकृती हीच. तिला आणखी दोन बाजू जोडल्या की आमची फळ्यावरची संख्या होते, आणि तेवढ्या बाजूंची आकृती मात्र तशी काढता येत नाही. आड येतो तो ६४१.