अप्पांचा फोन गप्प कसा केला: माझा अनुभव

शेतमालाचे भाव देणारी एक साइट आहे. नाव लिहीत नाही. आमचे अप्पा रोज सकाळी डेअरीत दूध घालून आले की तिच्यावर सांगली मार्केटचा हळदीचा दर बघतात. दर म्हणजे काय, तर तीन आकडे: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. एका एसेमेसात मावेल एवढा मजकूर. पण त्या तीन आकड्यांपर्यंत पोचायला वरची पट्टी, खालची पट्टी, मधेच उगवणारी औषधाची जाहिरात आणि या सगळ्यावर कडी म्हणजे कोपऱ्यात तरंगणारा व्हिडिओ, एवढं सगळं ओलांडावं लागायचं. त्या व्हिडिओनं मला जेवढा ताप दिला तेवढा सातबाऱ्यावरच्या नोंदीनंही दिला नव्हता. बाकीच्या गोष्टी पटापट झाल्या, त्या आधी उरकतो.

अप्पांच्या फोनवर "तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडले", "तुमचं बक्षीस वाट बघतंय" असले मेसेज सारखे येत होते. व्हायरस वगैरे काही नव्हतं. कुठल्याशा पानावर "तुम्ही रोबोट नसाल तर अलाउ दाबा" असं लिहिलेलं होतं आणि अप्पा रोबोट नसल्यामुळे त्यांनी ते दाबलं. त्या दाबण्यानं त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळते, मग ब्राउझर बंद असला तरी मेसेज येत राहतात. उपाय सोपा आहे. आलेला मेसेज बोटानं दाबून धरा, खाली साइटचं नाव आणि बंद करायची सोय दिसते. नाहीतर क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे अनोळखी नावं दिसतील ती काढून टाका. मी तर अप्पांच्या फोनवर सगळ्याच साइट्सची नोटिफिकेशन्स बंद करून टाकली. भाव बघणाऱ्या माणसाला कुठल्या साइटचं नोटिफिकेशन लागतंय?

गावातल्या मोबाईलवाल्यानं त्याआधी एक "क्लीनर" ॲप टाकून दिलं होतं. फोनचं लॉक उघडलं की ते स्वतःच स्क्रीनभर जाहिरात दाखवायचं. ते काढलं. इथे एक खूण लक्षात ठेवा: ब्राउझर उघडलेला नसतानाही होम स्क्रीनवर जाहिरात आली, तर दोष ब्राउझरचा नाही, कुठल्या तरी ॲपचा आहे. जाहिरात समोर असतानाच अलीकडची ॲप्स दाखवणारं बटण दाबायचं, चोर तिथेच सापडतो.

आता तो व्हिडिओ.

पान उघडलं की तो कोपऱ्यात येऊन बसायचा आणि पान वर सरकवलं तरी बरोबर यायचा. बंद करायची फुली मुंगीएवढी, आणि तीही थोड्या वेळानं उमटणारी. अप्पांचं बोट नांगर धरलेलं. ते फुलीवर जायचं म्हणून व्हिडिओवरच जायचं आणि नवं पान उघडायचं. वर त्यांना ऐकू कमी येतं म्हणून आवाज कायम पूर्ण वाढवलेला. एकदा डेअरीच्या रांगेत त्यांनी दर बघायला फोन काढला आणि फोन सगळ्यांसमोर ओरडला, "अवघ्या पाच मिनिटांत कर्ज मिळवा!" मागून कुणीतरी म्हणालं, "काय अप्पा, कर्ज काढायलाय व्हय?" अप्पांनी आयुष्यात सोसायटीच्या पीककर्जाशिवाय दमडी घेतलेली नाही. घरी येऊन फोन माझ्यापुढे टाकला. "आरं, ह्यो आपोआप बोलायलाय. ह्येला गप कर."

मला वाटलं होतं हे काम दोन मिनिटांचं आहे. कारण ब्राउझरवाल्यांनी या आपोआप वाजणाऱ्या व्हिडिओंवर बंदी घालून बरीच वर्षं झाली. ॲपलच्या सफारीनं सप्टेंबर २०१७ मध्ये, क्रोमनं एप्रिल २०१८ मध्ये, फायरफॉक्सनं मार्च २०१९ मध्ये. (गंमत म्हणजे क्रोम आणि फायरफॉक्स, दोघांचीही ही आवृत्ती ६६ क्रमांकाची होती.) मग हा व्हिडिओ बोलतो कसा? शोधून थेट सांगलीच्या दराचं पान मी माझ्या फोनवर उघडलं. व्हिडिओ हलत होता, पण मुका. तेच पान अप्पांच्या फोनवर मी उघडलं, तरीही मुका. अप्पांच्या हातात दिलं की बोलायला लागायचा.

"अप्पा, तुम्ही कुठं दाबताय?"

"कुठं नाही बाबा. सांगली निवडतोय नुसती."

शेवटी त्यांच्या शेजारी बसून बघितलं. पान उघडलं, व्हिडिओ मुका. अप्पांनी "बाजार समिती निवडा" ही यादी उघडली, बोटानं सरकवत सरकवत सांगलीवर आणली, सांगलीवर बोट टेकवलं, आणि त्याच क्षणी कोपऱ्यातून बाई बोलायला लागली.

तिथे मला कळलं की ही बंदी कशी आहे. नियम असा आहे की आवाज असलेला व्हिडिओ तुम्ही परवानगी दिल्याशिवाय वाजणार नाही. मुका व्हिडिओ मात्र खुशाल चालू शकतो. आणि परवानगी म्हणजे काय, तर तुम्ही त्या साइटवर कुठेही बोट लावणं. व्हिडिओच्या बटणावरच लावायला पाहिजे असं नाही. यादी उघडली, तालुका निवडला, काहीही चालतं. नुसतं पान वर-खाली सरकवणं धरत नाहीत, पण एक टिचकी मारली की ब्राउझर म्हणतो, चला, माणूस तयार आहे. साइटवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. ते आधी व्हिडिओ मुका लावतात आणि बोट कधी लागतंय याची वाट बघत बसतात. ज्या पानावर बोट लावल्याशिवाय भाव दिसतच नाही, तिथे ही बंदी असून नसल्यासारखी.

क्रोममध्ये "इन्ट्रूसिव्ह ॲड्स" (त्रासदायक जाहिराती) नावाचंही एक सेटिंग आहे, साइट सेटिंग्जमध्येच. ते बघितलं तर अशा जाहिराती अडवणं आधीपासूनच चालू. मग ह्याला का पकडत नाही? तर ते "कोॲलिशन फॉर बेटर ॲड्स" नावाच्या मंडळींच्या यादीवर चालतं. २०१६ मध्ये हे मंडळ झालं, त्यात गूगल, फेसबुक, युनिलिव्हर, प्रॉक्टर अँड गॅम्बल असे जाहिराती विकणारे आणि देणारेच आहेत. त्यांनी कॉम्प्युटरसाठी ४ आणि मोबाईलसाठी ८ प्रकारच्या जाहिराती त्रासदायक ठरवल्या: पॉप-अप, आवाजासकट आपोआप वाजणारी, लखलखणारी, स्क्रीनचा ३० टक्क्यांहून जास्त भाग अडवून चिकटून बसणारी वगैरे. क्रोमनं फेब्रुवारी २०१८ पासून काही देशांत आणि ९ जुलै २०१९ पासून जगभर, ही यादी मोडणाऱ्या साइटच्या जाहिराती अडवायला सुरुवात केली. यादी चांगलीच आहे, नाही म्हणत नाही. पण आमचा कोपऱ्यातला व्हिडिओ ३० टक्क्यांपेक्षा लहान, सुरुवातीला मुका, आणि कागदोपत्री जाहिरात नाहीच. तो साइटचा स्वतःचा "बातमीचा" व्हिडिओ, कर्जाची जाहिरात त्याच्या पोटात. ऑगस्ट २०२० पासून क्रोम ४ एमबीहून जास्त डेटा ओढणारी जाहिरात उतरवून टाकतो, पण तोही नियम जाहिरातीपुरता, आणि तिला तुमचं बोट लागलेलं नसेल तरच. जो जाहिरातीवर जगतो त्यानंच त्रासाची व्याख्या केली की अशा फटी राहणारच.

पहिला उपाय केला तो आवाजाचा. साइट सेटिंग्जमध्ये "साउंड" आहे, तिथे त्या साइटचा पत्ता घालून आवाज बंद केला. बाई गप्प झाली. डेअरीच्या रांगेपुरतं अप्पांचं भागलं. पण व्हिडिओ चालूच, आणि अप्पांचा दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपायचा. फोनवरच्या क्रोममध्ये मुका व्हिडिओ थांबवायचं बटणच नाही. सगळी सेटिंग्ज पालथी घातली, नाही. आवाज बंद करा म्हणतात, चित्र बंद करा म्हणत नाहीत.

मग फायरफॉक्स टाकला. त्याच्या सेटिंग्जमध्ये "ऑटोप्ले" (आपोआप वाजणं) आहे आणि तिथे "ब्लॉक ऑडिओ अँड व्हिडिओ" असा स्वच्छ पर्याय आहे. तो निवडला. पान उघडलं, व्हिडिओ जागच्या जागी थिजलेला. मी मनातल्या मनात आरती ओवाळली. फोन अप्पांकडे दिला. त्यांनी यादी उघडली, सांगली निवडली, आणि व्हिडिओ पुन्हा चालू. इथेही तेच, बोट लागलं की परवानगी! त्या संध्याकाळी मी फोन भिंतीवर आपटला नाही, एवढंच सांगतो. कॉम्प्युटरवरच्या फायरफॉक्समध्ये यावर तोड आहे. पत्त्याच्या जागी "अबाउट : कॉन्फिग" टाकायचं आणि "मीडिया डॉट ऑटोप्ले डॉट ब्लॉकिंग अंडरस्कोअर पॉलिसी" याची किंमत २ करायची, म्हणजे पानावर कुठेही बोट लावलेलं चालत नाही, व्हिडिओच्याच बटणाला लावावं लागतं. फोनवरच्या नेहमीच्या फायरफॉक्समध्ये हे पान असं उघडत नाही.

शेवटी काम झालं ते "यूब्लॉक ओरिजिन"मुळे. हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. रेमंड हिल या माणसानं बनवलेलं, फुकट, आणि ते देणगीसुद्धा घेत नाहीत. अँड्रॉइडवरचा क्रोम एक्स्टेन्शन घेतच नाही, फायरफॉक्स घेतो. फायरफॉक्सच्या मेनूत एक्स्टेन्शन्समध्ये (पूर्वीचं नाव ॲड-ऑन्स) जाऊन टाकायचं. टाकलं आणि तो व्हिडिओ आणणारा तुकडाच पानावर येईना. पट्ट्या गेल्या, औषध गेलं, कोपरा मोकळा. तीन आकडे, आणि आजूबाजूला पांढरं पान. अप्पा म्हणाले, "ही साइट बदलली काय रं?"

हे सुख थोडे दिवस टिकलं. मग त्या साइटनं पूर्ण पानभर पडदा टाकला: "ॲड ब्लॉकर बंद करा, मगच भाव बघा." यूब्लॉकच्या डॅशबोर्डमध्ये "फिल्टर लिस्ट्स" आहेत, तिथे "अपडेट नाऊ" केलं की असे पडदे बरेचदा जातात, कारण याद्या सांभाळणारे लोक मागावर असतात. गेलाही. मग परत आला. परत गेला. हा लपंडाव मी खेळत बसलो असतो, पण अप्पांना कोण शिकवणार? मी साइटला मेल केली: जाहिराती दाखवा, हरकत नाही, पण तो व्हिडिओ तेवढा काढा. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" असं उत्तर लगेच आलं, म्हणजे माणसानं वाचलेलं नाही हे उघड आहे. पुढे काही नाही.

जाहिरातीला माझा विरोध नाही, हे खरंच सांगतो. आमच्या भागातलं एक साप्ताहिक आहे, त्याच्या साइटवर सराफाच्या आणि क्लासच्या जाहिराती एका जागी गुमान बसलेल्या असतात. तिथे मी यूब्लॉक मुद्दाम बंद ठेवलाय. त्याच्या खिडकीतलं मोठं पॉवरचं बटण दाबलं की तेवढ्या साइटपुरतं बंद होतं. त्या भाववाल्या साइटसाठी मात्र मी बोटसुद्धा हलवणार नाही.

तोड निघाली ती दुसरीकडूनच. बाजार समित्यांचे रोजचे दर महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर असतात, आवकेसकट. केंद्राच्या ॲगमार्कनेटवरही असतात. त्या भाववाल्या साइटवरचे आकडेही बहुतेक याच आकड्यांशी जुळायचे. पणन मंडळाचं पान फायरफॉक्समध्ये उघडून होम स्क्रीनवर ठेवून दिलं. रूप साधं आहे, पण ते बोलत नाही.

काही राहिलेल्या गोष्टी. नुसता फायरफॉक्स टाकून उपयोग नाही, तो डीफॉल्ट (लिंक आपोआप ज्यात उघडते तो) ब्राउझर करावा लागतो, नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेली लिंक पुन्हा क्रोममध्येच उघडते: फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, ब्राउझर. होम स्क्रीन डावीकडून सरकवली की बातम्या येतात ना, त्या तरीही गूगलच्या ॲपातच उघडत होत्या. त्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये, जनरलखाली, "ओपन वेब पेजेस इन द ॲप" बंद केलं तेव्हा त्या ताब्यात आल्या. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर क्रोमच वापरावा लागत असेल तर पूर्ण यूब्लॉक आता तिथे चालत नाही, "यूब्लॉक ओरिजिन लाइट" चालतं. नाहीच काही टाकू देत, तर बोलणाऱ्या टॅबवर उजवी क्लिक करून "म्यूट साइट" करा, पुढच्या वेळीही लक्षात राहतं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये "मीडिया ऑटोप्ले" वेगळं आहे, तेही बघून घ्या.

अप्पांनी आता यूट्यूबवर कीर्तनाच्या मधे येणाऱ्या जाहिराती बंद करून मागितल्यात. ॲपातल्या जाहिरातीपुढे ब्राउझरचं काही चालत नाही, असं सांगितलं. फायरफॉक्समधून यूट्यूब उघडून दाखवलं, तर म्हणाले, "ते लाल चित्र कुठं गेलं? मला त्येच पायजे."