नातवंडांसोबत वाई-मेणवली : ज्येष्ठांना झेपणारी एका दिवसाची सहल

डिसेंबरच्या अखेरीस शाळांना सुट्टी लागली की माझी लेक, जावई आणि दोन नातवंडे आमच्याकडे पुण्याला राहायला येतात. निवृत्तीनंतरच्या आमच्या वर्षातील हा सर्वांत आनंदाचा काळ असतो. पाहुणे आले की त्यांना लांबच्या थंड हवेच्या ठिकाणी घेऊन जाण्याचा आग्रह बऱ्याच घरांत धरला जातो. मात्र माझे अनुभवाने झालेले मत असे आहे की सत्तरीच्या पुढच्या माणसांनी आणि दहा वर्षांच्या आतल्या मुलांनी एकत्र हिंडायचे असेल, तर जागा जवळची असावी, पाहायची ठिकाणे मोजकीच ठरवावीत आणि प्रत्येक ठिकाणी बसायला भरपूर वेळ ठेवावा. या हिशेबात वाई आणि मेणवली अगदी चपखल बसतात. बहुतेक लोक पाचगणी-महाबळेश्वरला जाताना वाईत अर्धा तास थांबतात आणि पुढे निघतात. आम्ही अख्खा दिवस वाईलाच दिला, आणि तो सार्थकी लागला.

पुण्याहून वाई साधारण ९० किलोमीटरवर आहे. जावयांनी गाडी काढण्याची तयारी दाखवली होती, तरी आम्ही एसटीनेच जायचे ठरवले. गाडी चालवणाऱ्या माणसाला घाटाकडे पाहता येत नाही आणि दिवसभराचा थकवा एकट्याच्याच अंगावर पडतो, हे त्यामागचे मुख्य कारण होते. स्वारगेटहून वाईच्या गाड्या सुटतात, आणि वाईमार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्याही चालतात. खंबाटकी घाट ओलांडल्यावर सुरूर फाट्याला महामार्ग सोडून गाडी उजवीकडे वळते आणि तिथून पुढचा रस्ता उसाच्या शेतांमधून वाईला पोहोचतो. प्रवासाला सुमारे अडीच तास धरावेत. सकाळी लवकरची गाडी घेतली, तर उन्हे तापण्याआधी वाईचे नदीकाठचे घाट पाहून होतात.

तिकिटाच्या सवलतींची माहिती अजूनही सर्वांपर्यंत पोहोचलेली दिसत नाही, म्हणून ती सविस्तर देते. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांमधून ७५ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात विनामूल्य प्रवास करता येतो, ६५ ते ७५ या वयोगटाला तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट लागते. ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धेच तिकीट असते. आमच्या यजमानांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे आमच्या सहा जणांत पूर्ण तिकीट एकट्या जावयांचे निघाले. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे, आणि ते पिशवीच्या तळाशी न ठेवता चटकन हाताला लागेल अशा खिशात असावे.

वाईच्या बसस्थानकावरून गणपती घाटापर्यंत बाजारातून चालत जाता येते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी मात्र सरळ रिक्षा करावी आणि पायांतील बळ घाटाच्या पायऱ्यांसाठी राखून ठेवावे. येथील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. एकाच दगडातून घडवलेली सुमारे १० फूट उंचीची मूर्ती समोर उभे राहून पाहिली की मुले आपोआप गप्प होतात. दर्शन झाल्यावर तेवढ्यावरच परत न फिरता मंदिराच्या मागच्या बाजूला अवश्य जावे, कारण या वास्तूचे खरे कसब तिथे आहे. गाभाऱ्याची मागची भिंत सपाट नसून माशासारखी निमुळती होत गेलेली आहे. मंदिर थेट कृष्णेच्या काठावर उभे आहे, त्यामुळे पुराचे पाणी भिंतीवर सरळ आदळण्याऐवजी या टोकाशी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे, अशी ही योजना आहे.

आमचे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे ही भिंत पाहून त्यांच्यातला अभियंता जागा झाला नसता तरच नवल! नातवाने विचारले, “आजोबा, ही भिंत अशी टोकदार का केली?” त्यावर त्यांनी घाटाच्या उतरत्या फरशीवर बसकण मारली, बाटलीतले पाणी हळूहळू ओतायला सुरुवात केली आणि पाण्याच्या वाटेत आधी एक चपटा दगड आडवा ठेवला. पाणी दगडाशी तुंबले, उसळले आणि दगड हलला. मग त्यांनी त्याच जागी एक निमुळता दगड टोक पुढे करून ठेवला, तेव्हा पाणी दोन्ही अंगांनी सरळ निघून गेले. “पाण्याशी भांडायचं नाही, त्याला वाट द्यायची,” एवढेच ते म्हणाले. त्यानंतर बराच वेळ दोन्ही मुले वेगवेगळ्या आकारांचे दगड शोधून हाच प्रयोग करत राहिली, आणि आम्ही मोठी माणसे पायऱ्यांवर निवांत बसून राहिलो. घाईत आखलेल्या सहलीत हा तास कधीच मिळाला नसता.

शेजारीच काशीविश्वेश्वराचे मंदिर आहे. तेथील काळ्या दगडाचा गुळगुळीत नंदी बारकाईने पाहावा, कारण त्याच्या गळ्यातील घुंगरांच्या माळांचे कोरीवकाम वाकून जवळून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची कर्मभूमी असलेली प्राज्ञपाठशाळाही याच गावातली. वाचनाची आवड असलेल्यांनी तिच्यासाठी थोडा वेळ काढावा.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर आहे. रिक्षा ठरवताना परतीचेही आधीच बोलून ठेवावे आणि चालकाचा मोबाइल क्रमांक घ्यावा, कारण मेणवलीहून रिकामी रिक्षा मिळेलच याची खात्री नसते. निघण्यापूर्वी वाईतच स्वच्छतागृहाची सोय पाहून घ्यावी आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात. मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आहे. वाडा खाजगी मालकीचा असल्यामुळे आतला कोणता भाग पाहता येईल हे तेथील माणसाला विचारूनच पुढे जावे. चौकाचौकांची रचना, जुने लाकूडकाम आणि भिंतींवरील चित्रे पाहण्यासारखी आहेत. उंबरे उंच आहेत आणि उन्हातून आत शिरल्यावर डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते, म्हणून ज्येष्ठांनी दारात थोडे थांबून मगच पाऊल टाकावे.

वाड्यामागून कृष्णेवर उतरणारा घाट हे मात्र मेणवलीचे खरे वैभव. घाटावर मेणेश्वराचे मंदिर आहे आणि जवळच एका छोट्या दगडी मंडपात एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा मिळालेल्या घंटांपैकी ही एक. नातीला मी घंटेच्या अगदी जवळ नेले आणि धातूवर उठवलेली आकृती दाखवली, तेव्हा तिने बोटाने बाह्यरेषा गिरवत स्वतःच ओळखले की ही बाळाला घेतलेली आई आहे. ती मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. खाली १७०७ हे सालही आहे. चर्चमध्ये वाजणारी घंटा कृष्णेच्या काठी, महादेवाच्या शेजारी कशी आली, हे ऐकताना तिने जितके प्रश्न विचारले तितके ती इतिहासाच्या पुस्तकावर कधी विचारत नाही, असे तिच्या आईचे म्हणणे पडले.

जेवणासाठी आम्ही घरूनच दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याची वाटी नेली होती. झाडाच्या सावलीत सतरंजी पसरून सर्वांनी एकत्र जेवणे हा या सहलीतला मला सर्वांत आवडलेला भाग. जमिनीवर बसता येत नसेल त्यांनी घडीची खुर्ची न्यावी. जेवणानंतरचे खरकटे आणि कागद पिशवीत भरून परत आणावेत, कारण तिथली स्वच्छता आपल्यासारख्या येणाऱ्यांवरच अवलंबून आहे.

घाटाच्या पायऱ्यांना आधाराचा कठडा नाही. हातात काठी असावी, पायात घट्ट बसणारी आणि तळाला खाचा असलेली पादत्राणे असावीत आणि उतरताना मुलांनी आजी-आजोबांच्या पुढे एक पायरी चालावे. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ येते आणि नदीचे पाणी वर चढते, त्या दिवसांत ज्येष्ठांनी काठाशी उतरूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, आणि शनिवार-रविवार टाळता आले तर फारच उत्तम. अंगात उमेद असेल तर पुढे धोमचे नरसिंह मंदिर आणि धरणही पाहता येते, पण नातवंडे सोबत असतील तर ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवावे. परतीसाठी शेवटच्या गाडीची वाट न पाहता दुपारी चारच्या आसपास वाईच्या स्थानकावर यावे, म्हणजे बसायला जागा मिळते आणि मुलांच्या झोपेच्या आत घरी पोहोचता येते.