काशीला गेलेली खापरपणजी

आमच्या घरात सांगायचे, खापरपणजी काशीला गेली ती परतलीच नाही. काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात चार खेपा घातल्यावर न्याय खात्याच्या एका बाडात तिची काशी सापडली : विधवा, नवजात मुलीचा खून, जन्मठेप, अंदमान. त्याच सुमारास, १८८१ साली, सुरतेकडच्या विजयालक्ष्मीवर असाच खटला चालला आणि त्यावर भडकून ताराबाई शिंद्यांनी लेखणी उचलली. आमच्या बाईच्या वाट्याला चार ओळी आल्या, त्याही इंग्रजीत. तिच्या मागे राहिलेल्या थोरल्या पोराचा वंश म्हणजे आम्ही.

टूरबरोबर गेलो ही पहिली चूक. नील, हॅवलॉक, काचेच्या तळाची बोट, सगळं यथासांग झालं. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे रांगेत असताना एका काकूंनी विचारलं, "तुमचं कुणी होतं का हो इथं?" मी बेसावध. "हो, खापरपणजी," म्हणून गेलो. झालं! बसमध्ये माइकवर घोषणा, टाळ्या. एका आजोबांनी माझे हात कपाळाला लावले. हे जेल १९०६ साली पुरं झालं, बायकांना इथं ठेवतच नसत, आणि ती क्रांतिकारक नव्हती, हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रात्री माझ्यापुढे श्रीखंडाची जादा वाटी आली, तीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगून मागे राहिलो आणि रिक्षाने साउथ पॉइंट गाठलं. बायकांचा तुरुंग इथं होता. कातायचं, विणायचं, शिवायचं. पाच वर्षं नीट काढली की एखाद्या कैद्याशी लग्नाची मुभा. त्या संसारांतल्या मुलाबाळांचे वंशज आजही स्वतःला 'लोकल बॉर्न' म्हणवतात. माझा रिक्षावाला त्यांच्यातलाच निघाला. तुरुंगाची पाटीबिटी मला काही दिसली नाही. समुद्र होता, आणि एका कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी, वाऱ्याने उडू नयेत म्हणून नारळ ठेवलेल्या.

त्याला मी सगळं सांगितलं, गुन्ह्यासकट. सख्ख्या काकांनाही अजून सांगितलेलं नाही.

"किसने क्या किया, ये यहाँ कोई नहीं पूछता, साब," तो म्हणाला. "शादी हुई थी उनकी?"

बाडात तेवढं नव्हतं.

"हुई होगी तो आपके लोग यहीं कहीं होंगे."

परतताना रस्ताभर मी येणाऱ्याजाणाऱ्यांची नाकं न्याहाळत होतो. आमच्या घराण्यात सगळ्यांचं बसकं आहे.