अस्वानला जा, पण नूबियासाठी

मेरोएचे पिरॅमिड बघायचे म्हणून मी सहा वर्षं पैसे साठवत होतो. मेरोए ही प्राचीन नूबियातल्या कुश राज्याची राजधानी, आणि सुदानच्या वाळवंटातले ते दोनशेच्या आसपास अरुंद, उभ्या चढाचे पिरॅमिड. बऱ्याच पिरॅमिडांचे शेंडे आज दिसत नाहीत. १८३४ मध्ये जुझेप्पे फेर्लिनी नावाच्या इटालियन माणसाने सोन्याच्या लोभाने तिथे तोडफोड केली. अमानिशाखेतो राणीचे दागिने त्याला मिळाले. ते आज बर्लिन आणि म्युनिकमध्ये आहेत. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटलं आणि माझा बेत तिथेच थांबला. पुढे खार्तूमचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेल्याच्या बातम्या आल्या, त्या वाचून फार वाईट वाटलं.

यंदा जानेवारीत बाबांना घेऊन इजिप्तमधल्या अस्वानला गेलो. प्राचीन नूबिया म्हणजे साधारण अस्वानजवळच्या पहिल्या 'कॅटरॅक्ट'पासून (नाईलमधल्या खडकाळ, खळाळत्या पट्ट्यापासून) दक्षिणेला खार्तूमपर्यंतचा नाईलकाठ. म्हणजे नूबियाचा उत्तरेकडचा उंबरठा इजिप्तमध्येच आहे. सहली अस्वानला येतात त्या फारोंची देवळं बघायला. आम्ही तीच ठिकाणं नूबियाच्या बाजूने बघितली. चार दिवस लागले. तीन दिवसांत आटपू नका.

पहिला अर्धा दिवस नूबिया संग्रहालयाला द्या, आणि बाकी सगळ्याच्या आधी द्या. १९९७ मध्ये उघडलेली ही इमारत अस्वानच्याच दगडातली आहे. आत शिरल्यावर गर्फ हुसैनच्या देवळातला रामसेस दुसरा समोर येतो, आठेक मीटर उंच. तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. तुम्ही पुढे सरका आणि तहार्काचं काळ्या दगडातलं मस्तक शोधा. तहार्का (इ.स.पू. ६९० ते ६६४) हा कुशचा राजा. इ.स.पू. आठव्या शतकात पिये या कुशच्या राजाने उत्तरेत चढाई करून इजिप्त जिंकला आणि त्याच्या घराण्याने तिथे फारो म्हणून राज्य केलं. हे पंचविसावं घराणं. शाळेच्या इतिहासात यातला एक शब्दही माझ्या वाट्याला आला नव्हता. त्या मस्तकासमोर बाबा बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हा माणूस पाहुणा वाटत नाही रे, घरचा मालक वाटतो."

इथेच नूबियातल्या बल्लानाच्या थडग्यांतले रत्नजडित चांदीचे मुकुट आहेत. १९३१ ते ३४ दरम्यान ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ वॉल्टर एमरी यांनी ही थडगी खोदली. राजाबरोबर घोडेही साजासकट पुरलेले होते. मेरोएचं राज्य मोडल्यानंतरचे हे राजे. त्यांची आठवण ठेवा, कलाबशाच्या देवळात कामी येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुब्बत अल-हवा. पश्चिम काठावरच्या टेकडीत कोरलेली ही थडगी गावातून दिसतात. फेरी बोटीने पलीकडे जायचं आणि पायऱ्या चढायच्या. चढ उभा आहे आणि वाळूत पाय रुततो. बाबा एकाहत्तर वर्षांचे, गुडघे दुखरे. आठ वाजता सुरुवात केली आणि दर वीस पायऱ्यांनी थांबलो, तेव्हा जमलं. दहानंतर मात्र कोणीही चढू नये. वर हरखूफचं थडगं आहे. इ.स.पू. तेविसाव्या शतकातला हा अधिकारी चार वेळा दक्षिणेला याम देशी गेला. एका खेपेला तीनशे गाढवांवर धूप, आबनूस, बिबट्याची कातडी आणि हस्तिदंत लादून परतला. शेवटच्या खेपेला त्याने नाचणारा एक बुटका माणूस बरोबर आणला. तेव्हा गादीवर दुसरा पेपी होता, अजून लहान पोर. त्याने हरखूफला पत्र धाडलं: त्याला जपून आण, बोटीतून पाण्यात पडू देऊ नकोस, रात्रीतून दहा वेळा त्याच्याकडे बघून ये. ते पत्र हरखूफने अभिमानाने थडग्याच्या दर्शनी भिंतीवर कोरून घेतलं. अक्षरं आता झिजली आहेत, सकाळच्या तिरप्या उन्हात थोडी उठून दिसतात. पण यामची माणसं कशी होती, हे आपण कायम इजिप्तच्या लेखनिकाच्या तोंडूनच ऐकतो, ही खंत मला पूर्ण प्रवासात राहिली. मेरोएवासीयांनी पुढे स्वतःची लिपी केली. ब्रिटिश अभ्यासक ग्रिफिथ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उलगडली, त्यामुळे अक्षरं वाचता येतात. भाषा मात्र अजून नीट कळत नाही.

दुपारी कलाबशा. माझ्या मते अस्वानची सर्वात मोलाची जागा हीच, आणि आम्ही गेलो तेव्हा तिथे आम्ही दोघं आणि एक रखवालदार एवढेच होतो. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात बांधलेलं हे देऊळ मंडुलिस या नूबियन देवाचं. मूळ जागा सुमारे ५० किलोमीटर दक्षिणेला, आता अस्वानच्या मोठ्या धरणामुळे झालेल्या नासर सरोवराच्या तळाशी. पश्चिम जर्मनीच्या तंत्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १३ हजार दगड सुटे करून त्या धरणाजवळच्या उंचवट्यावर पुन्हा रचले. बोटीशिवाय जाता येत नाही. धक्क्यावर भाडं ठरवताना जाणं, येणं आणि दीड तास थांबणं, तिन्ही स्पष्ट बोला आणि पैसे परत आल्यावरच द्या. आमच्याकडून हे राहिलं, म्हणून परतीच्या वेळी जास्तीचे पैसे मोजावे लागले. रखवालदार "बक्षीस" मागेल. शब्द आपलाच वाटतो, देण्याची पद्धतही तशीच. सुटे पैसे जवळ ठेवा.

आतल्या चौकात सिल्को राजाचा ग्रीक शिलालेख शोधा. नूबियातल्या नोबाद लोकांचा हा राजा सांगतो की मी पूर्वेच्या वाळवंटातल्या ब्लेम्मी लोकांशी लढलो आणि देवाने मला विजय दिला. शेजारी घोड्यावर बसून शत्रूला भाला मारणारा राजा कोरलेला आहे. बल्लानाचे मुकुट याच काळातल्या राजांचे. बहुतेक गाइड इथे थांबत नाहीत. जवळच बैत अल-वालीचं छोटं देऊळ आहे, चुकवू नका. तिथल्या भिंतीवर नूबियातून आलेला नजराणा दिसतो, त्यात जिराफसुद्धा आहे.

फिलेच्या इसिस देवीच्या देवळाबद्दल थोडक्यात. ते कुठल्याही सहलीत असतंच. फक्त हेड्रियनच्या दरवाज्याशी जा. तिथे २४ ऑगस्ट ३९४ या तारखेचा, आज माहीत असलेला शेवटचा चित्रलिपी लेख आहे आणि त्याच्या शेजारचा देव मंडुलिसच आहे. इजिप्त ख्रिस्ती झाल्यावरही दक्षिणेचे लोक इसिसच्या पूजेला इथे येत राहिले, म्हणून हे देऊळ सहाव्या शतकापर्यंत टिकलं.

अबू सिंबेलला, म्हणजे रामसेस दुसऱ्याने डोंगरात कोरवलेल्या देवळाकडे, पहाटे चारला निघावं लागतं. एका बाजूने तीन-साडेतीन तास. पासपोर्ट जवळ ठेवा, वाटेत तपासणी होते. दरवाज्याच्या डाव्या हाताला, पुतळ्यांच्या बैठकीवर गळ्यात दोर बांधलेले नूबियन कैदी कोरले आहेत. वर वीस मीटरचा राजा आणि त्याच्या पायाशी ही माणसं. त्याच डाव्या बाजूच्या एका पुतळ्याच्या पायावर ग्रीक भाडोत्री शिपायांनी नावं कोरली आहेत, इ.स.पू. ५९३ च्या सुमारास फारो दुसरा प्साम्तिक कुशवर चालून गेला तेव्हाची. म्हणजे तहार्काच्या वंशजांचा धाक अजून होता.

१९६४ ते ६८ दरम्यान पाण्यापासून वाचवायला हे देऊळ डोंगरातून कापून सुमारे ६५ मीटर वर नेलं, हे सगळे सांगतात. युनेस्कोच्या १९६० मध्ये सुरू झालेल्या त्या मोहिमेत आपलेही लोक होते, हे मला तिथून आल्यावर कळलं. १९६२ मध्ये ब्रज बासी लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथक इजिप्तमधल्या अफियेला खोदत होतं. तिथे त्यांना नूबियातल्या अगदी आरंभीच्या वस्त्यांचे अवशेष मिळाले. दगडी देवळं सुटी करून हलवता आली. बुहेनसारखे कच्च्या विटांचे किल्ले हलवता येण्यासारखे नव्हते, ते पाण्याखाली गेले.

काही उपयोगाच्या गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. बऱ्याच तिकीट खिडक्यांवर रोख चालत नाही, परदेशात चालणारं कार्ड लागतं. थडग्यांसाठी टॉर्च घ्या. शाकाहारी असाल तर फूल (बाकल्याच्या दाण्यांची उसळ), ताअमिया (बाकल्याचे वडे) आणि कोशरीवर (भात, मसूर आणि मॅकरोनी) आठवडा आरामात निघतो. कर्कदे जरूर प्या, आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचंच ते सरबत. पर्यटकांच्या नूबियन गावात लोक मगरीची पिल्लं हातात देतात, त्याला नाही म्हणा.

आमचा कलाबशाचा नावाडी नूबियन होता. सरोवराच्या मध्यावर त्याने इंजिन मंद केलं आणि दक्षिणेकडे बोट दाखवलं. त्याच्या आजोबांचं गाव तिकडे होतं. धरणाच्या वेळी पन्नास हजारांच्या आसपास माणसांना कोम ओम्बोच्या बाजूला नेऊन बसवलं, नदीपासून लांब. आजोबा तिथे गेल्यावर किती वर्षं जगले, असं बाबांनी विचारलं. "दोन," तो म्हणाला, आणि पुन्हा इंजिन वाढवलं.