घरची सिमेंटची गदा: पट्टी ३ ते पट्टी ०, आठ आठवड्यांची नोंद

एकच गदा, एकच वजन, तरीही आठ आठवडे भार वाढत राहिला. गोळ्याला हात न लावता फक्त मूठ दांड्यावरच्या खुणांवरून (त्यांना पट्टी म्हणतो) खाली, गोळ्यापासून दूर सरकवत नेली. घरी गदा करणारे बरेचजण पहिलीच आठ-दहा किलोची करतात आणि मग ती दाराआड उभी राहते. म्हणून ही नोंद बांधणीपासून देतो.

माप. गोळा ६ इंची, दांडा गोळ्याबाहेर ९२ सेंमी. ६ इंची गोळ्याचं घनफळ साधारण १.८५ लिटर भरतं. त्याला लागलेला माल: सिमेंट १.२५ किलो, चाळलेली कोरडी वाळू २.४ किलो, पाणी साडेपाचशे मिली. दांड्याने व्यापलेली जागा वजा जाता गोळा ४ किलोच्या आसपास आणि दांडा सहाशे ग्रॅम. व्यास एक इंच वाढवून ७ इंची केला की गोळ्याचं वजन दीडपटीहून जास्त होतं, हे साचा घेताना लक्षात ठेवा. अगदी नवख्याने ५ इंची घ्यावा, तो सव्वादोन-अडीच किलोत बसतो. सुटं सिमेंट हार्डवेअरवाल्याकडे किलोवर मिळतं. सगळा खर्च ३०० रुपयांच्या आत.

दांडा. भरीव बांबूच हवा. कोकणात माणगा, विदर्भात मानवेल. कळक पोकळ, तो इथे चालत नाही. जाडी ३२ मिमी. दोन महिने सावलीत वाळलेला, आणि बुडाशी पिठासारखा भुसा पडत नाही ना ते बघून घ्यायचा. भुसा म्हणजे आत भुंगा आहे. खालचं टोक गाठीच्या जेमतेम एक बोट खाली कापायचं. तो गाठीचा फुगवटा घामेजल्या हातातून दांडा निसटू देत नाही. वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळली की मूठ तयार. जीआय पाइपचा मोह अनेकांना होतो, पण एक इंची पाइप मीटरला दोन किलोहून जास्त भरतो आणि ते वजन गोळ्यात न राहता सगळ्या दांड्यावर पसरतं. झोक्याची मजा जाते. पीव्हीसीचं नावच नको.

साचा. फुगवायचा स्वस्त प्लास्टिकचा चेंडू. नुसता जमिनीवर ठेवून भरला तर ओल्या मालाच्या वजनाने तो बसतो आणि गोळा अंड्यासारखा होतो. बादलीत ओली वाळू घेऊन त्यात चेंडू तीन-चतुर्थांश पुरायचा, खिळे ठोकलेलं दांड्याचं वरचं टोक आत मधोमध धरायचं, मग भरायचा. दर ओंजळीनंतर सळईने टोचे मारायचे आणि बादलीला बाहेरून थापटायचं, नाहीतर आत हवेचे खिसे राहतात. माल लाडवाच्या मिश्रणासारखा, मुठीत दाबला की आकार धरणारा. पातळ केला तर भरायला सोपा, पण वाळल्यावर भुसभुशीत. दोन दिवसांनी चेंडू कापून काढायचा, गोळ्याभोवती ओलं गोणपाट, त्यावर प्लास्टिकची पिशवी. किमान ७ दिवस ओल टिकवायची, १४ दिवसांआधी फिरवायची नाही. सिमेंटची पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात. तोवर जोरात आपटणं टाळलेलं बरं.

पट्ट्या. दांड्यावर खालून ०, १०, २० आणि ३० सेंमीवर रंगीत इन्सुलेशन टेपची कडी. खालचा हात ज्या कड्याला टेकेल ती त्या दिवसाची पट्टी. पट्टी ० ला दोन्ही मुठींच्या मध्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत ९० सेंमी, पट्टी ३ ला ६० सेंमी. म्हणजे पट्टी ३ वर मनगट-खांद्यावर येणारी ओढ पट्टी ० च्या दोन तृतीयांश. एक पट्टी खाली आलात की पूर्ण भाराचा साधारण नववा हिस्सा वाढला. ३० सेंमीच्या वर मूठ नेऊ नका. खाली उरलेली दांड्याची शेपटी वळताना कपाळाला किंवा कानाला लागते.

जागा. दोन्ही मुठी कानाजवळ आणून गदा उभी धरा, वर एक वीत सोडा. पावणेसहा फुटी माणसाला नऊ फुटांहून जास्त उंची लागते, आणि फ्लॅटमधला पंखा नेमका तिथेच लटकत असतो. गच्ची उत्तम. ठेवायला खाली स्कूटरचा जुना टायर; फरशीवर गोळा टेकवला की एकतर फरशी तडकते नाहीतर गोळा.

फेरा. गदा छातीसमोर उभी. गोळा एका खांद्यावरून मागे सोडायचा, पाठीमागून झोका घेऊ द्यायचा, दुसऱ्या खांद्यावरून पुढे ओढून पुन्हा छातीसमोर उभी थांबवायची. हा एक फेरा. दर सेटला दिशा आणि खालचा हात दोन्ही बदलायचे. मागे असताना कोपरं आभाळाकडे. ती खाली पडली की दांडा पाठीला चिकटतो आणि गोळा मांडीमागे घासतो. कंबर पुढे काढून जागा करणं हा त्यावरचा चुकीचा उपाय, त्याने माकडहाडाच्या वरचा भाग दुसऱ्या दिवशी बोलतो. पोट आवळून फासळ्या खाली ठेवल्या की कोपरांनाच उठावं लागतं.

आठवडे (आठवड्यातून तीन दिवस, आधी १५ जोर, ३० बैठका):

१–२: पट्टी ३, ५ फेऱ्यांचे ४ सेट, मध्ये एक मिनिट. खांद्याआधी पंजा थकतो. हे सगळ्यांचंच होतं, मूठ उगाच आवळलेली असते. झोक्यात सैल, ओढताना घट्ट.

३–४: पट्टी २, ८ फेऱ्यांचे ४ सेट. चौथ्या सेटला छातीसमोरची थांब चुकायला लागली. थांब नसली की फेरे भराभर होतात आणि आकडा छान दिसतो. त्यामुळे थांब नसलेला फेरा मोजला नाही.

५: पट्टी १, पहिल्या दिवशी ५ फेऱ्यांवरच उजवं कोपर पडलं. दुसऱ्या दिवशी परत पट्टी २ वर, तिसऱ्या दिवशी पट्टी १ वर ५ फेऱ्यांचे ३ सेट नीट.

६–७: पट्टी १, ८ वरून १० फेरे, ५ सेट. याच आठवड्यांत दांडा वाजायला लागला.

८: पट्टी ०, ५ फेऱ्यांचे ४ सेट, सगळे थांबीसकट. ७ इंची गोळ्याची गरज अजून किमान तीन महिने नाही.

खांद्यात पुढून टोचल्यासारखं दुखलं तर तो दिवस तिथेच संपवायचा. दंड-पाठ जड वाटणं वेगळं.

दांडा वाजला त्याबद्दल. सरावाच्या सोळाव्या दिवशी छातीसमोर थांबताना ‘टक्’ असा बारीक आवाज. गोळा गुडघ्यांत धरून दांडा पिळला तर केसभर फिरत होता. कारण सोपं आहे: ओल्या मालात बांबू पाणी पिऊन फुगतो, त्याच फुगलेल्या मापाने सिमेंट घट्ट होतं, मग बांबू सुकून आक्रसतो. आत गेलेल्या टोकाला खिळे होते म्हणून तो निघाला नाही, एवढंच. फटीत एपॉक्सी भरून उरलेले दिवस काढले, पण दर वेळी सुरू करण्याआधी पिळून बघणं आणि गोळ्यावर टिचकी मारणं चुकवलं नाही. भरीव आवाज हवा. बद्द वाजला तर चीर शोधायची आणि सापडली तर गदा बाद. डोक्यावरून फिरणाऱ्या वस्तूला डागडुजी करत बसू नये.

म्हणून दुसरी गदा वेगळ्या पद्धतीने. कुऱ्हाडीच्या दांड्यासारखं आरपार भोक आणि वरून पाचर. जुन्या एक्स-रे फिल्मची सुरळी, मुठीकडे ३४ मिमी, वरच्या तोंडाला ४२ मिमी, दबू नये म्हणून आत वाळू ठासलेली. ती चेंडूच्या मधोमध उभी करून भोवती माल भरला. माल सुकल्यावर फिल्म ओढून काढली की निमुळतं भोक तयार. दांडा कोरडाच बसणार, त्यामुळे फुगण्या-आक्रसण्याचा प्रश्न नाही, आणि बांबू फाटला तर नवा घालता येतो. दांड्याच्या वरच्या टोकाला करवतीने ६ सेंमी चीर, चिरेखाली बाइंडिंग वायरचे सहा-सात वेढे (नाहीतर चीर खालपर्यंत धावते), आणि बाभळीची पाचर. गोळा ३.८ किलो भरेल असा हिशोब आहे. आज गोणपाटातला नववा दिवस. पाचर चौदाव्या दिवशी ठोकायची, आणि पहिले २० फेरे पट्टी ३ वरच.