सुपरट्रेंड १०-३ : पावणेबाराच्या कँडलचा उलगडा

गेले सहा आठवडे न सुटलेले कोडे परवा रात्री सुटले, म्हणून महिनाअखेरची वाट न पाहता ही नोंद आधीच लिहीत आहे. सुपरट्रेंड म्हणजे भावाच्या वर किंवा खाली ठरावीक अंतरावर बँड (रेषा) आखून कल दाखवणारा निर्देशक; भावाने बँड ओलांडला की कल उलटतो, ती फ्लिप. १०-३ मधला १० हा सरासरीचा कालावधी (दहा कँडल, म्हणजे चार्टवरच्या दहा पट्ट्या) आणि ३ हा बँडच्या अंतराचा गुणक. निफ्टीच्या १५ मिनिटांच्या चार्टवर सुपरट्रेंड १०-३ चा बॅकटेस्ट (जुन्या भावांवरची चाचणी) मी पायथन या संगणक भाषेत लिहिला आणि त्यातल्या फ्लिप ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या संकेतस्थळावरच्या फ्लिपशी जुळत नाहीत, इथपर्यंतची हकिकत मागच्या दोन नोंदींत आली आहे. सगळेच आकडे चुकले असते तर दोष लवकर सापडला असता. पण सकाळचे आकडे जुळत, दुपारचे फिसकटत, आणि मध्येच एखादा दिवस अथपासून इतिपर्यंत बिनचूक निघे.

आतापर्यंत न जुळणाऱ्या फ्लिपची यादी मी तारखेनुसार लावून पाहत होतो आणि तिच्यात काही सूत्र दिसत नव्हते. परवा तीच यादी तारखेऐवजी वेळेनुसार लावली, तेव्हा निम्म्याहून अधिक ओळी एकाखाली एक ११:४५ च्या निघाल्या. बाजार ९:१५ ला उघडतो, म्हणजे ११:४५ ची कँडल ही दिवसाची अकरावी. एटीआर म्हणजे ट्रू रेंजची सरासरी, आणि ट्रू रेंज म्हणजे आदल्या बंद भावापासूनची उडी धरून कँडलमधला भावाचा पल्ला; बँडचे अंतर या एटीआरच्या तीनपट असते. एटीआरचा कालावधी दहा आणि घोळ अकराव्या कँडलला, एवढे समोर आल्यावर दोष कुठे आहे हे वेगळे सांगायला नको होते. माझ्या आज्ञावलीतला एटीआर हा शेवटच्या दहा ट्रू रेंजची साधी सरासरी होता. चार्टवरचा एटीआर वेल्स वाइल्डर यांच्या १९७८ सालच्या मूळ पद्धतीचा, म्हणजे आधीच्या एटीआरची नऊपट अधिक नवी ट्रू रेंज भागिले दहा, असा असतो.

गोल आकडे घेऊन हे पुन्हा मांडतो, कारण सकाळचे आकडे का जुळत होते तेही त्यातून कळते. आदल्या दिवशी बाजार बंद होताना एटीआर ३० आहे, सकाळी वरची गॅप पडली (बाजार आदल्या बंद भावाच्या बराच वर उघडला) आणि आदल्या बंद भावापासून मोजल्यामुळे पहिल्या कँडलची ट्रू रेंज १७० भरली, असे समजा. दोन्ही पद्धतींनी एटीआर ४४ येतो आणि तीनपट अंतरावरचा बँड ९० वरून १३२ अंकांवर जातो. इथपर्यंत फरक नाही. पुढच्या कँडल पुन्हा तीस-तीस अंकांच्या निघाल्या, तर वाइल्डरचा एटीआर ४२.६, ४१.३ असा हळूहळू उतरत दहाव्या कँडलला ३५.४ वर येतो. साधी सरासरी मात्र दहाव्या कँडलपर्यंत ४४ वरच अडून राहते, आणि ११:४५ ला सकाळची ती १७० ची कँडल हिशेबातून बाहेर पडताच एकदम ३० वर कोसळते. भाव जागचा न हलता खालचा बँड एका कँडलमध्ये ४२ अंक वर चढतो, आणि भाव त्याच्या आसपास रेंगाळत असेल तर फ्लिप होते. बाजारात त्या क्षणी काहीही घडलेले नसते.

दुरुस्ती करतानाही एक रात्र वाया गेली, आणि ही चूक इथल्या इतरांकडूनही होण्यासारखी आहे. पायथनच्या पांडाज लायब्ररीतल्या घातांकी सरासरीला मी स्पॅन १० दिला होता. स्पॅन १० म्हणजे नव्या कँडलला २ भागिले ११, म्हणजे जवळजवळ १८ टक्के वजन. वाइल्डरला हवे असते १० टक्के. वरच्याच उदाहरणात त्यामुळे पहिल्या कँडलचा एटीआर ५५ च्या वर जातो आणि नंतर इतक्या वेगाने उतरतो की ११:०० च्या कँडलला तो चार्टपेक्षाही खाली असतो. त्याऐवजी अल्फा, म्हणजे नव्या कँडलचे वजन, थेट ०.१ द्यावा आणि तिथलाच ॲडजस्ट हा पर्याय बंद ठेवावा. स्पॅनच द्यायचा असेल तर तो १९ द्यावा लागतो, आणि हा आकडा सहजासहजी कुणाच्या मनात येत नाही.

दुरुस्तीनंतर थोरल्या मुलीला शेजारी बसवले. ती चार्टवर कर्सर नेऊन बँडचा आकडा वाचत होती आणि मी तक्त्यात पेन्सिलीने खूण करत होतो. दिवसाच्या पंचवीसही कँडल दोन दशांशांपर्यंत जुळल्या. शेवटच्या, ३:१५ च्या कँडलचा आकडा तिने वाचला तेव्हा मी तो दोनदा म्हणायला लावला. सहा आठवड्यांनंतरचे हे समाधान इथल्या मंडळींना समजेल.

यादीत एवढ्यावरही काही ओळी उरल्या होत्या आणि त्यांतली एक ४ नोव्हेंबर २०२४ ची होती. ९:१५ ते ३:३० च्या बाहेरच्या सगळ्या नोंदी गाळणारी एक ओळ मी डेटा साफ करताना लिहिली होती. तिने १ नोव्हेंबरचे संध्याकाळी सहा ते सातचे दिवाळीच्या मुहूर्ताचे सत्र पुसून टाकले. त्या तासात निफ्टी ९९ अंकांनी वाढून २४,३०४ वर बंद झाला होता. माझा तक्ता मात्र सोमवारची पहिली ट्रू रेंज ३१ ऑक्टोबरच्या बंद भावापासून मोजत होता. आता ती गाळणी काढून टाकली असून दरवर्षीचे मुहूर्त सत्र तपासूनच डेटा आत घेतो.

डेटाचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो की ज्यांच्याकडून मी मिनिटांचा डेटा विकत घेतला त्यांच्या फायलींत मधलीच मिनिटे गहाळ आहेत आणि दोन पत्रांना अजून उत्तर आलेले नाही. पैसे देण्यापूर्वी एका महिन्याचा नमुना मागावा आणि दर दिवशी ३७५ ओळी भरतात का ते मोजावे. याउलट ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन भाषेच्या संदर्भपुस्तिकेत सुपरट्रेंडची पूर्ण आज्ञावली दिली आहे. ती मी पहिल्याच आठवड्यात ओळीने वाचायला हवी होती, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने इतर कशाहीआधी तीच वाचावी.

यापुढे गुणक २.५ पासून ३.५ पर्यंत बदलून पाहायचे, असे मागच्या नोंदीत जाहीर केले होते. पण वरचे उदाहरण लिहीत असतानाच वाटू लागले की त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. वाइल्डर यांनी ट्रू रेंजमध्ये आदला बंद भाव घेतला तो कमॉडिटीच्या दैनिक भावांसाठी, जिथे प्रत्येक दोन कँडलच्या मध्ये एक रात्र असते. आपल्या १५ मिनिटांच्या चार्टवर पंचवीस कँडलपैकी एकीच्याच आधी रात्र येते, आणि तिचे ओझे उरलेली सकाळ वाहते. मग पहिल्या कँडलची ट्रू रेंज फक्त तिच्या उच्चांक-नीचांकाच्या फरकाएवढी धरली तर काय होईल? गॅपनंतर बँड जवळ राहील, स्टॉपलॉस (तोटा थांबवण्याचे अंतर) लहान होईल, आणि कदाचित व्हिपसॉही (लगोलग उलटणाऱ्या खोट्या फ्लिप) वाढतील. माझा कल अजून मूळ पद्धतीकडेच आहे, कारण मोठी गॅप ही खऱ्या अस्थिरतेची खूण असते आणि ती हिशेबातून पुसणे मला पटत नाही. पण मोजल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

तेव्हा गुणकाचे काम पुढे ढकलत आहे. आधी दोन्ही एटीआर (गॅपसह आणि गॅपशिवाय) शेजारी शेजारी चालवीन, फ्लिप कँडल बंद झाल्यावरच मोजीन, आणि ४ जून २०२४ ची, निवडणूक निकालाच्या दिवसाची पडझड दोन्हीकडे वेगळी काढून पाहीन, कारण तो एकच दिवस सगळी सरासरी आपल्या बाजूला ओढू शकतो. सगळे पेपर ट्रेडिंगवरच, म्हणजे खरे पैसे न लावता, चालू आहे. सहा आठवडे मी ज्या फ्लिपवर विसंबून नफा-तोटा मांडत होतो त्यांतल्या कित्येक चार्टवर नव्हत्याच, त्यामुळे मागच्या नोंदीतला नफ्याचा तक्ता कुणी उतरवून घेतला असेल तर तो कृपया रद्द समजावा. नवा तक्ता दुरुस्त एटीआरवर मांडायला घेतला आहे.