शिट्टी नसलेला कुकर: वाफेची नोंदवही, वरणापासून बट्टीपर्यंत

चाचणीचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर ६ लिटरचा, १००० वॉटचा, हाय प्रेशरला ७० किलोपास्कल धरणारा. झाकणावर हलकी, थोडी डुगडुगणारी वाफेची टोपी, शेजारी दाबाने वर-खाली होणारी पिन, झाकणाच्या आतून व्हॉल्व्हवर बसणारी छोटी जाळी आणि सिलिकॉनची रिंग. शिट्टी नाही. घोळ इथेच सुरू होतो, कारण आपल्याकडे डाळ मिनिटांत मोजत नाहीत, शिट्ट्यांत मोजतात.

गॅसवरचा कुकर साधारण १ किलो दाबाला शिट्टी देतो, म्हणजे आत १२० अंशांच्या आसपास. इलेक्ट्रिकमध्ये ७० किलोपास्कलला ११५ अंश. शिवाय शिट्टी म्हणजे वाफ बाहेर, इथे एकदा पिन चढली की शिजून होईपर्यंत काहीच बाहेर पडत नाही. म्हणून वेळ थोडा जास्त, पाणी थोडं कमी. "तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं" याचं सरळ गणित नाही, कारण त्या तीन शिट्ट्या आच किती मोठी होती त्यावर अवलंबून होत्या. पदार्थागणिक नव्याने मोजावं लागतं, आणि वाफ कशी सोडली ते त्या मोजणीत धरावंच लागतं.

नोंद १: नुसतं पाणी

नवा कुकर असो वा नवी रिंग, आधी हेच. ७५० मिली पाणी, हाय प्रेशर, ५ मिनिटं. पिन चढेपर्यंत तिच्या बाजूने थोडी वाफ फुसफुसते, ती चालते. चढल्यावर सगळं शांत व्हायला हवं. झाकणाच्या काठाने वाफ येत असेल तर रिंग तारेच्या कडीखाली नीट बसलेली नाही. ती बोटांनी गोल फिरवून बघा, सगळीकडे सारखी फिरली पाहिजे.

मग लगेच टोपी उघडून वाफ सोडायची आणि कानाने ऐकायचं. नुसत्या पाण्याचा आवाज कोरडा, सरळ "सूंऽऽ" असा येतो आणि मिनिट-दीड मिनिटात बसतो. हा आवाज लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या नोंदींत त्याच्याशीच तुलना आहे. छिद्राला लागून बोटभर जागेत काहीच दिसत नाही, पांढरा लोट त्याच्या वर सुरू होतो. ती न दिसणारी बोटभर वाफच सगळ्यात जास्त भाजते. टोपी ढकलायला हात नको, लाकडी उलथन्याचा दांडा घ्या, आणि तोंड झाकणाच्या वर आणू नका.

एवढी वाफ येते कुठून? आत २ लिटर ऐवज ११५ अंशांवर आहे असं धरा. दाब एकदम काढला की तो १०० वर येईपर्यंत उकळत राहतो आणि त्यात ५५ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ होते. ५५ ग्रॅम म्हणजे चार चमचे पाणी, पण वाफ झाली की नव्वद लिटरच्या वर. तेलाचे १५ किलोचे पाच-सहा रिकामे डबे भरतील एवढी. ही उकळी फक्त तळाशी येत नाही, डाळीच्या प्रत्येक थेंबात येते. फेस वर का धावतो त्याचं उत्तर हेच.

नोंद २: तुरीचं वरण

हे जमलं. तूरडाळ २०० ग्रॅम, पाणी सव्वादोन ते अडीच वाट्या (गॅसच्या कुकरला तीन लागत होत्या), हळद, हिंग, एक चमचा तेल. अर्धा तास भिजवलेली असेल तर ७ मिनिटं, न भिजवता १०. नंतर १० मिनिटं हात लावायचा नाही, मग उरलेली वाफ सोडायची.

तेलाचा चमचा चवीसाठी नाही, फेस बसवण्यासाठी आहे. तो विसरला आणि शिजल्याबरोबर टोपी उघडली तर होतं असं: पहिले दोन-तीन सेकंद कोरडी "सूं", मग आवाज ओला होतो, "फुर्रर्र". लोट जड दिसायला लागतो आणि मागच्या पांढऱ्या टाइल्सवर पिवळे ठिपके उमटतात. तो आवाज बदलला त्याच क्षणी टोपी बंद करायची. अर्धं मिनिट थांबून पुन्हा ३-४ सेकंद उघडायची, पुन्हा बंद. चार-पाच वेळा असं केलं की फेस खाली बसतो. ठिपके दिसल्यावरही उघडी ठेवली तर डाळ जाळीत आणि पिनच्या भोकात जाऊन वाळते, पुढच्या वेळी पिन अडकते.

ती दहा मिनिटं फुकट जात नाहीत. दाब उतरत असताना आतलं तापमान शंभराच्या वरच असतं, डाळ शिजतच असते. म्हणून "७ मिनिटं आणि लगेच वाफ सोडली" आणि "७ मिनिटं अन् १० थांबलो" ही दोन वेगळी वरणं आहेत. पहिल्यात दाणा उभा राहतो, खानदेशी फौजदारी डाळीला चालेल. बट्टीवर ओतायचं वरण दुसरंच.

भरायची हद्द: भात-डाळीला भांडं निम्म्याच्या वर नको, बाकी कशालाही दोनतृतीयांशाच्या वर नको. आतली "मॅक्स"ची रेघ वरणासाठी नाही.

नोंद ३: सालाची उडीद

हिने सगळ्यात जास्त छळलं. उडदाचा फेस चिकट, तेलालाही फारसा जुमानत नाही. भांड्यात थेट शिजवली की दहा मिनिटं थांबूनही टोपीतून बुडबुडे येतात. उपाय एकच टिकला: डब्यात डाळ, बाहेरच्या भांड्यात जाळीच्या स्टँडखाली दोन वाट्या पाणी, डब्यावर सैल ताटली, आणि पूर्ण दाब आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. डबा अर्धाच भरायचा. वेळ १४ मिनिटं, कारण डब्यातली डाळ तापायला उशीर लागतो.

आणखी एक गोष्ट उन्हाळ्यात कळते. रात्री डाळ भिजत घालून सकाळचा टायमर लावायची सवय थंडीत ठीक आहे. वैशाखात जळगाव-भुसावळच्या उकाड्यात सात-आठ तासांत डाळ आंबायला लागते, पाण्यावर बुडबुडे दिसतात, आणि आंबलेली डाळ दुप्पट फेसाळते. मार्च ते जून टायमरचं भिजवणं दोन तासांच्या वर नेऊ नये.

नोंद ४: ओट्यावरची जागा

भिंतीतल्या कपाटाखाली कुकर ठेवला तर वाफ थेट प्लायवूडच्या खालच्या कडेवर जाते. सनमायका सुटतो, कड फुगते. स्विचबोर्ड वर असेल तर आणखी वाईट. कुकर खिडकीकडे, नाहीतर चिमणीखाली सरकवा. वाफ सोडताना गॅस बंद आहे आणि चिमणी चालू आहे एवढं बघा.

टोपीवर फडकं टाकू नका. फडकं ओलं होऊन पिनवर बसतं, वाट अडते आणि गरम पाणी कडेने ओघळतं. आणि गॅसचा कुकर नळाखाली धरायची जुनी सवय इथे पूर्ण विसरायची, खाली विजेचं यंत्र आहे. घाई असेल तर झाकणाच्या धातूच्या भागावर, टोपी आणि पिन सोडून, ओलं घडीचं फडकं ठेवता येतं. त्याने दोन-चार मिनिटं वाचतात, जास्त नाही.

थांबण्याचा वेळ बाराही महिने सारखा नसतो. खोलीत १२ अंश असताना आणि ४४ अंश असताना ११५ वरून १०० वर यायला हिशेबाने दीडपट फरक पडतो: पौषात १८ मिनिटं लागत असतील तर मे महिन्यात २७ धरा. पाककृतीतलं "नैसर्गिक दाब उतरू द्या" हे वाक्य कोणत्या गावात कोणत्या ऋतूत लिहिलं ते कुणी सांगत नाही. तोरणमाळकरांना उलट अडचण: हजार मीटरच्या वर पाणी लवकर उकळतं, शिजवण्याची मिनिटं सुमारे १० टक्क्यांनी वाढवावी लागतात.

नोंद ५: आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) पुरण

मांड्यांसाठी चणाडाळ ४०० ग्रॅम, तासभर भिजवलेली, ताजं पाणी चार वाट्या, एक चमचा तेल. १२ मिनिटं आणि पूर्ण नैसर्गिक उतार. इथे घाई केली तर दोन नुकसानं: फेसाबरोबर कट बाहेर जातो, आणि उकळीच्या धक्क्याने अर्धी डाळ फुटून अर्धी टचटचीत राहते. तसं पुरण खापरावरच्या मांड्यात दाणेदार लागतं आणि मांडा फाटतो. गूळ नंतरच. आधी घातला तर डाळ मऊ होत नाही आणि तळाला करपते.

पिन पडली तरी लगेच झाकण उघडू नका. प्लग काढून कुकर दोन्ही कानांना धरून हलकेच हलवा. घट्ट डाळीच्या किंवा तर्रीच्या थराखाली गरम वाफ दबलेली असते, ती झाकण काढल्यावर उसळण्यापेक्षा आधी सुटलेली बरी. झाकण आपल्यापासून लांबच्या बाजूने तिरपं उचला.

रिंगचं: काळ्या मसाल्याचा वास सिलिकॉन सोडत नाही. शेवभाजीचा रस्सा झालेल्या रिंगवर पुरण केलं तर पुरणाला कांदा-खोबऱ्याचा वास येतो. दोन रिंगा ठेवा, एक तिखटाची, एक गोडाची. रिंग सैल झाली, चिरली की बदलायचीच, नाहीतर वर्ष-दीड वर्षाने. रश्शाची वाफ सोडताना तर्रीचे कण उडतात, डाग तेलाचे असल्याने भिंतीवरून जात नाहीत. १० मिनिटं थांबून मग तुकड्या-तुकड्याने सोडा.

नोंद ६: लाइट आणि बोअरचं पाणी

मध्येच लाइट गेली तर कुकर झाकूनच राहू द्या. दाब हळूहळू उतरतो, शिजणं थोडं चालू राहतं. पिन वर आहे तोवर झाकणाशी झटापट नको. लाइट आल्यावर काही कुकर जिथे थांबले तिथून सुरू होतात, काही नुसते जागे होतात, आपला कसा वागतो ते पाण्याच्या चाचणीत प्लग काढून एकदा बघून ठेवावं.

कमी व्होल्टेज जास्त फसवं. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर १००० वॉटचा कुकर ६१० वॉटच देतो. पिन उचलण्याइतकी जोरात वाफच होत नाही, ती पिनच्या बाजूने पंधरा-वीस मिनिटं गळत राहते, पाणी आटतं आणि पडद्यावर "बर्न" येतं. लोक रिंगला दोष देतात. संध्याकाळी असं झालं आणि सकाळी नाही, तर दोष फीडरचा. तेवढ्यापुरतं पाणी गरम करूनच ओता, पिन लवकर चढते.

बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर पिनवर आणि टोपीच्या नळीत बसतो. पिन वर अडकली तर दाब नसताना झाकण उघडत नाही. खाली अडकली तर जास्त वाईट, कारण दाब असूनही नाही असं दिसतं. दर पंधरा दिवसांनी पिन, तिचं छोटं रबर, टोपी आणि जाळी काढून अर्धं पाणी अर्धं पांढरं व्हिनेगर यात अर्धा तास ठेवा. मग पिन बोटाने वर-खाली करा, स्वतःच्या वजनाने खाली पडली पाहिजे.

नोंद ७: बट्टी (अपुरी)

गव्हाचं जाडसर पीठ तीन वाट्या, मक्याचं एक, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. लांबट रोल करून जाळीच्या स्टँडवर, खाली दोन वाट्या पाणी. हाय प्रेशरला १० मिनिटं देऊन लगेच वाफ सोडली की रोल उभे चिरतात: आतलं पाणी एकदम वाफ होऊन वाट काढतं. पूर्ण नैसर्गिक उतारात चिरत नाहीत, पण झाकणावरचं पाणी टपकून वरचा रोल चिकट होतो आणि कापताना सुरीला लागतो, तळल्यावर खुसखुशीत होत नाही. रोलवर ताटली पालथी घातल्याने टपकणं थांबलं, चिकटपणा निम्माच कमी झाला.

टोपी उघडीच ठेवून, दाबाशिवाय, वाफेवर २५ मिनिटं उकडलेली बट्टी आतापर्यंत सगळ्यात बरी निघाली. पुढची चाचणी: लो प्रेशरला ८ मिनिटं, ५ मिनिटं थांबून तीन-तीन सेकंदांनी वाफ सोडणं, आणि रोल उघड्यावर पूर्ण गार झाल्यावरच कापणं.